मैदानावर कमावलेली जागा कागदावर का जावी?

31 जुलै 2022. वेम्ब्लीवर 87,192 प्रेक्षकांसमोर इंग्लंडच्या महिला संघाने जर्मनीला 2-1 हरवून युरो करंडक जिंकला. त्या दिवशी सुरुवातीला मैदानात उतरलेल्या अकरा जणींची यादी काढून प्रत्येकीच्या नावापुढे तिचे आधीचे क्लब लिहून बघा. गोलरक्षक मेरी अर्प्स आणि बचावपटू मिली ब्राइट डॉनकॅस्टर बेल्सकडून खेळून आलेल्या. लुसी ब्राँझ आणि बेथ मीड संडरलंडच्या. फ्रान कर्बी रेडिंगमध्ये घडलेली, आणि एलेन व्हाइटने काही हंगाम नॉट्स काउंटीत काढलेले. अकरांपैकी सहा. आणि हे चारही क्लब कधी ना कधी वरच्या श्रेणींतून बाहेर पडले ते गुणतक्त्यामुळे नव्हे; कोणाला त्या श्रेणीत खेळायचा परवाना नाकारला गेला, कोणाला तो परवडला नाही, तर कोणाच्या मालकाने हात आखडता घेतला.

इंग्लंडच्या महिला फुटबॉलची गोष्ट सध्या भरभराटीची म्हणून सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. पण ती ज्या व्यवस्थेवर उभी आहे तिच्यात एक जुनी खोट आहे: लीगमधली जागा मैदानावर मिळवायची आणि कार्यालयात गमवायची. ही खोट कशी आली हे समजून घ्यायचं तर डॉनकॅस्टर बेल्सइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

दक्षिण यॉर्कशरमधलं डॉनकॅस्टर म्हणजे कोळसा आणि रेल्वेचं गाव. तिथल्या बेल व्ह्यू मैदानावर डॉनकॅस्टर रोव्हर्स हा पुरुषांचा संघ खेळायचा. सामन्याच्या दिवशी काही तरुणी स्टँडमधून फिरून ‘गोल्डन गोल’ची तिकिटं विकायच्या. प्रत्येक बंद तिकिटात एक वेळ छापलेली असते, मिनिटं आणि सेकंद; सामन्यातला पहिला गोल ज्या वेळी होईल ती वेळ ज्याच्या तिकिटावर, त्याला बक्षीस. उरलेला पैसा क्लबच्या गल्ल्यात. पुरुषांच्या फुटबॉलसाठी पैसा गोळा करणाऱ्या या मुलींनी 1969 साली ठरवलं की आपणही खेळायचं. मैदानाच्या नावावरून आधी ‘बेल व्ह्यू बेल्स’, मग डॉनकॅस्टर बेल्स.

तेव्हा एफएची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची, बंदी अजून पुरती उठलेली नव्हती. 5 डिसेंबर 1921 रोजी एफएने आपल्या सदस्य क्लबांना बजावलं होतं की महिलांच्या सामन्यांना मैदानं द्यायची नाहीत. त्याआधी जेमतेम वर्षभर, 26 डिसेंबर 1920 ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज आणि सेंट हेलन्स यांचा सामना बघायला सुमारे 53,000 लोक आले होते. डिक कर हा प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ धर्मादाय कामासाठी पैसा उभा करत होता. बंदी घालताना या पैशाच्या हिशोबावर बोट ठेवलं गेलं आणि फुटबॉल बायकांना मानवत नाही असंही जोडलं गेलं. मैदान गेलं की तिकीट गेलं, तिकीट गेलं की प्रवासखर्च, मग प्रशिक्षक, मग पुढची पिढी. आज महिला क्लबांना स्वतःची मैदानं नाहीत, स्वतःचा पैसा नाही, म्हणून त्यांनी पुरुषांच्या क्लबाच्या छत्राखाली यावं, असं जे व्यवहारी शहाणपण सांगितलं जातं, त्याचं मूळ या आदेशात आहे. आधी पाय बांधायचे आणि मग कुबडी देऊन उपकार मोजायचे.

बेल्सनी ती कुबडी न घेता जे केलं ते थक्क करणारं आहे. 1983 ते 1994 या बारा हंगामांत अकरा वेळा महिला एफए कपचा अंतिम सामना, त्यात सहा विजेतेपदं. 1991-92 मध्ये पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली, आठ संघांची. बेल्सनी चौदाच्या चौदा सामने जिंकले आणि त्याच वर्षी कपही. 1993-94 ला पुन्हा दोन्ही. संघातली गिलियन कोल्टर्ड ही इंग्लंडकडून शंभर सामने खेळणारी पहिली महिला, एकूण 119. पोटापाण्यासाठी ती इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात काम करायची. पगारी खेळाडू हा प्रकारच नव्हता.

त्यानंतर बेल्स मागे का पडल्या, हेही सरळ सांगायला हवं. 1987 साली आर्सेनलमध्ये विक एकर्स यांनी महिला संघ उभा केला. एकर्स पुढे पुरुष संघाचे किटमॅन, म्हणजे कपडे-साहित्य सांभाळणारे, होते; म्हणजे एका मोठ्या क्लबच्या आत बसून महिला संघासाठी सराव, किट, डॉक्टर, बस यांची सोय लावू शकणारा माणूस. खाणगावातल्या स्वयंसेवकांच्या क्लबला त्याची बरोबरी अवघड होती. 2006-07 मध्ये आर्सेनलने युरोपीय कपसह सगळं जिंकलं, तोवर बेल्स पहिल्या दोनांत नव्हत्या. 2003 साली त्यांनी रोव्हर्सशी नातं जोडलं आणि 2007 पासून नव्या कीपमोट स्टेडियममध्ये आल्या. तरीही त्या पहिल्या श्रेणीतून हलल्या नव्हत्या.

2011 मध्ये एफएने विमेन्स सुपर लीग काढली. आठ जागा, सोळा अर्ज. निवड अर्जावरून. प्रत्येक क्लबला वर्षाला 70,000 पौंडांपर्यंत अनुदान, तेवढीच रक्कम क्लबने घालायची, आणि 20,000 पौंडांहून जास्त पगार फक्त चार खेळाडूंना देता येणार. सुरुवातीला घसरण, म्हणजे तळाच्या संघाने खालच्या श्रेणीत जाणं, नव्हती, कारण नव्या क्लबांना बस्तान बसवायला वेळ हवा. इथवर सगळं रास्त होतं, आणि बेल्स त्या आठांत होत्या.

मग एप्रिल 2013. हंगामातला बेल्सचा एकच सामना झालेला असताना एफएने जाहीर केलं की 2014 पासून दोन श्रेणी होतील आणि पहिल्या श्रेणीत डॉनकॅस्टरची जागा मँचेस्टर सिटीला मिळेल. निकष चार: आर्थिक व्यवस्थापन, व्यावसायिक टिकाऊपणा व विपणन, सुविधा, आणि खेळाडू-प्रशिक्षकांची सोय व युवा विकास. मैदानावरच्या कामगिरीला या हिशोबात स्थान नव्हतं. त्या 2012-13 च्या हंगामात सिटीचा महिला संघ दुसऱ्या पातळीवर खेळत होता आणि चौथा आला. ती लीग सलग तिसऱ्यांदा जिंकली संडरलंडने, आणि संडरलंडला मिळाली दुसरी श्रेणी. बेल्सनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. राहिलेला हंगाम त्यांनी आपण पहिल्या आलो तरी खाली जाणार हे माहीत असताना खेळून काढला आणि शेवटच्या आल्या. त्या एरवीही शेवटच्या आल्या असत्या का? शक्य आहे. पण शेवटचं येणं म्हणजे काय, याचं उत्तर त्याच गुणतक्त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. लिव्हरपूल 2011 आणि 2012 मध्ये, दोन्ही वर्षी, तळाला होतं. 2013 ला तेच लिव्हरपूल विजेतं ठरलं, 2014 लाही. तळाच्या संघाला थोडा पैसा आणि दोन वर्षं मिळाली तर काय होतं हे त्या वर्षी डोळ्यांसमोर दिसत होतं. लिव्हरपूलला ती मिळाली, डॉनकॅस्टरला नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती कच्ची नाही. सिटीने घेतलेली जागा वाया घालवली नाही. स्टेफ हॉटन, जिल स्कॉट यांच्यासारख्या खेळाडूंना पूर्णवेळ काम दिलं, पुरुष संघाच्या सराव संकुलात बरोबरीची जागा दिली, स्वतःचं 7,000 क्षमतेचं मैदान दिलं, आणि 2016 ला लीग जिंकली. 2022 च्या इंग्लंड संघात सिटीच्या खेळाडूंचा भरणा होता. वर उल्लेखलेल्या सहाजणीही त्या त्या छोट्या क्लबात राहून युरोविजेत्या झाल्या नसत्या. त्यांना पूर्णवेळ पगार आणि वैद्यकीय सोय पुढे मिळाली. आणि निकष हे नुसतं कागदी नाटक नसतं. जानेवारी 2023 मध्ये चेल्सीच्या किंग्जमेडो मैदानावर चेल्सी-लिव्हरपूल सामना सहाव्या मिनिटाला थांबवून रद्द करावा लागला. मैदानाचे काही भाग गोठलेले होते, खेळाडू घसरत होत्या. पुरुषांच्या प्रीमियर लीगच्या मैदानांत मातीखाली गरम पाण्याचे किंवा विजेचे नळ-तारा असतात, तिथे ते नव्हते. गोठलेल्या मैदानावर गुडघ्याचा अस्थिबंध तुटला की वर्ष जातं. तेव्हा मैदान कसं हवं, फिजिओ किती हवेत, डॉक्टर सामन्याला हजर हवा की नको, याचे नियम हवेतच. जे क्लब ‘आम्ही परंपरेचे’ म्हणून हे टाळतात त्यांची बाजू मी घेणार नाही.

प्रश्न निकष कधी आणि कोणाच्या पैशावर लावायचे हा आहे. 2018 मध्ये एफएने पहिली श्रेणी पूर्ण व्यावसायिक केली: खेळाडूंना दिवसा, आठवड्याला किमान 16 तास सराव, पुढे तो 20 तासांवर न्यायचा, शिवाय अकादमी अनिवार्य. दुसऱ्या श्रेणीसाठी किमान 8 तास. बरोबरच्या सुधारणा, पण क्लबांना तयारीला मिळाले जेमतेम काही महिने, आणि खर्चाचा मोठा वाटा क्लबच्याच अंगावर. त्याच वर्षी बेल्स दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्या होत्या. लीग जिंकून त्यांनी वर जायला हवं होतं. जुलैमध्ये आर्थिक कारण देऊन त्यांनी माघार घेतली आणि त्या तिसऱ्या पातळीवर गेल्या, नंतर चौथ्या. संडरलंड पहिल्या श्रेणीत सातवं आलं होतं. पुरुषांचा संघ लागोपाठ दोनदा घसरला, मालक बदलला, महिला संघाला परवाना मिळाला नाही, आणि ब्राँझ, हॉटन, स्कॉट, नॉब्स, मीड घडवणारा क्लब एका उन्हाळ्यात तिसऱ्या पातळीवर. उलट दिशेला वेस्ट हॅम तिसऱ्या पातळीवरून थेट पहिल्या श्रेणीत, आणि मँचेस्टर युनायटेडचा नवाकोरा महिला संघ एकही लीग सामना न खेळता थेट दुसऱ्या श्रेणीत.

निकषांचा हेतू होता टिकाऊपणा. मग टिकलं कोण ते बघू. बेल्सना वगळलं तेव्हाच लिंकन या क्लबचा परवाना नॉटिंगहॅमला हलवून नॉट्स काउंटी लेडीज केला गेला, कारण तिथली योजना जास्त भक्कम दिसली. 2015 मध्ये हा संघ वेम्ब्लीवर झालेल्या पहिल्या महिला एफए कप अंतिम सामन्यात चेल्सीशी खेळला, 30,710 प्रेक्षकांसमोर. 21 एप्रिल 2017 ला, हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी, तो बंद झाला. पुरुषांचा क्लब नव्या मालकाने घेतला होता, हिशोब तपासले, महिला संघ वर्षभर चालवायला सुमारे 5 लाख पौंड लागतील असं दिसलं, आणि खेळाडूंना निरोप मिळाला. करार होते, मैदान होतं, योजना होती. गुणतक्त्यात हरलेला क्लब पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. हा वरच्या श्रेणींत परत आलाच नाही.

रेडिंगचं तेच, फक्त हळूहळू. 2023 ला पहिल्या श्रेणीतून घसरण, ती मैदानावरचीच. पण पुरुष क्लबचा मालक पैशाच्या गर्तेत असल्यामुळे संघ अर्धवेळ झाला आणि 2024 मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही माघार घेऊन थेट पाचव्या पातळीवर गेला. ब्लॅकबर्न रोव्हर्सचं नाव मराठी वाचकाला जास्त जवळचं असेल, कारण 2010 पासून तो क्लब पुण्याच्या व्हेंकीज समूहाकडे आहे. त्यांचा महिला संघ 2019 पासून दुसऱ्या श्रेणीत टिकून होता. मे 2025 मध्ये क्लबने जाहीर केलं की लीगने सुविधा आणि खेळाडूंच्या देखभालीबाबत घातलेल्या अटींचा खर्च मालक उचलणार नाहीत, म्हणून परवाना सोडतो. खालच्या लीगमध्ये जायचं आता. निर्णय मालकाच्या हक्कातला आहे, कायद्याने त्यात काही गैर नाही. दुखणं हेच की तो इतका सहज घेता येतो. महिला संघ हा मूळ क्लबच्या ताळेबंदातला असा खर्च असतो जो कापला तर प्रीमियर लीगमधली जागा जात नाही, टीव्हीचा पैसा जात नाही, स्टेडियमबाहेर मोठा जमाव येत नाही.

ताळेबंदाचा हा खेळ वरच्या टोकालाही चालतो, फक्त उलट दिशेने. 2024 मध्ये चेल्सीने आपला महिला संघ आपल्याच मूळ कंपनीला जवळपास 20 कोटी पौंडांना विकला. एका खिशातून दुसऱ्या खिशात. त्यामुळे पुरुष क्लबच्या त्या वर्षीच्या हिशोबात तोट्याऐवजी नफा दिसला आणि प्रीमियर लीगच्या नफा-तोट्याच्या मर्यादेत राहणं सोपं झालं. समर्थक म्हणतात, यामुळे बाहेरचा गुंतवणूकदार आला, संघाची किंमत ठरली. आला, हे खरं. पण ज्या लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत 6.5 कोटी पौंड आहे, म्हणजे सगळ्या क्लबांना मिळून वर्षाला 1.3 कोटी, तिच्यातल्या एका संघाची किंमत 20 कोटी धरली जाते, तेव्हा तो आकडा महिला फुटबॉलच्या गरजेतून आलेला नाही एवढं समजायला सनदी लेखापाल लागत नाही.

मूळ क्लबच नको, महिला क्लब स्वतंत्रच हवेत, असा मग एक निष्कर्ष काढला जातो. तो मला पटत नाही. लुईसचं उदाहरण समोर आहे. ससेक्समधल्या या समर्थकांच्या मालकीच्या छोट्या क्लबने 2017 मध्ये पुरुष आणि महिला संघांना सारखं बजेट दिलं. असं करणारा तो पहिला. तत्त्व निर्विवाद सुंदर, पण लहान पुरुष क्लबच्या बजेटची निम्मी वाटणी आणि मोठ्या पुरुष क्लबच्या बजेटचा एक कोपरा यांत कोपराच मोठा निघतो. 2024 मध्ये लुईस दुसऱ्या श्रेणीतून घसरलं. मैदानावर हरून घसरलं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण पैशाची दरी त्यात होतीच.

मग मागायचं काय? पहिली गोष्ट, जागा गुणतक्त्यानेच ठरावी. वर आलेला क्लब निकषांत बसत नसेल तर त्याला तीन वर्षांची मुदत द्यावी, आणि त्या काळात दिवे, फिजिओ, सरावाचं मैदान यांसाठी लीगच्या सामायिक पैशातून बिनव्याजी कर्ज. हे स्वप्नरंजन नाही: 2024 मध्ये एफएकडून कारभार घेतलेल्या नव्या लीग कंपनीला स्वतः प्रीमियर लीगकडून 2 कोटी पौंडांचं बिनव्याजी कर्ज मिळालं होतं. जी सवलत कंपनीला चालते ती क्लबला का चालू नये? मुदत संपूनही निकष पुरे झाले नाहीत तर खाली जा. तेव्हा कोणी अन्याय म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि हिच्यावर फारसं बोललं जात नाही. परवाना देताना मूळ क्लबकडून पुढची योजना मागण्याऐवजी पैसा मागावा. त्या हंगामाचे सगळे पगार आणि वैद्यकीय खर्च हंगाम सुरू होण्याआधी लीगच्या ताब्यातल्या वेगळ्या खात्यात जमा, आणि दर महिन्याला तिथूनच खेळाडूंना पगार. मालक मध्येच बदलला, दिवाळखोरी आली, पुरुष संघ घसरला, तरी मेपर्यंत पगार चालू राहील आणि खेळाडूंना नवा क्लब शोधायला उन्हाळा मिळेल. नॉट्स काउंटीच्या मुलींना मिळाले होते दोन दिवस, तेही बाकीच्या क्लबांचे संघ भरून झालेले असताना. मोठ्या क्लबांना ही रक्कम किरकोळ आहे. ज्यांना जड जाईल त्यांच्या संघाचं भविष्य तसंही धोक्यात आहे, आणि ते ऑगस्टऐवजी मेमध्ये कळलेलं बरं.

तिसरं, माघार घेणाऱ्या मालकाला संघ नुसता बंद करता येऊ नये. नाव, बोधचिन्ह, लीगमधली जागा आणि मुलींच्या वयोगटांचे संघ हे आधी समर्थकांच्या संस्थेला किंवा स्थानिक क्लबला, ठरावीक मुदतीत, नाममात्र किमतीला देऊ करण्याची अट परवान्यातच हवी. पुरुषांच्या फुटबॉलसाठी 2025 मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र नियामकाचा कायदा केला, पहिल्या पाच श्रेणींपुरता. त्यात क्लबचा वारसा, समर्थकांचं म्हणणं, मालकाची ऐपत या सगळ्यांचा विचार आहे. महिला फुटबॉल त्या कायद्याच्या बाहेर आहे. आपलं नियमन आपणच करू असं म्हणून ते बाहेर ठेवलं गेलं. मग ते करून दाखवायची जबाबदारीही आली.

एक गोष्ट चांगली घडली आहे. 2026-27 पासून पहिली श्रेणी बारावरून चौदा संघांची होणार आहे. विस्ताराच्या काळात घसरणच बंद ठेवावी असा विचार पुढे आला होता. गुंतवणूकदाराला निश्चिंती मिळते हा नेहमीचा युक्तिवाद. तो मान्य झाला नाही. नव्या जागा दुसऱ्या श्रेणीच्या गुणतक्त्यावरून भरायच्या आणि पहिल्या श्रेणीतल्या तळाच्या संघाने दुसऱ्या श्रेणीतल्या तिसऱ्या संघाशी सामना खेळून आपली जागा राखायची, असं ठरलं. 2025-26 पासून दोन्ही श्रेणींत किमान वेतनही आलं. आता ते किमान वेतन कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने जमा असेल, हे परवान्याच्या अटींत लिहून घेण्याचं काम बाकी आहे.